गेटपुरता विमा

भिवंडीच्या गोदामावर किंवा चाकणच्या एखाद्या नव्या कारखान्यावर शटर बसवायला टेम्पो गेला, की गेटवरचा सुरक्षारक्षक तीन कागद मागतो: वर्कऑर्डर, माणसांची आधारकार्डं आणि ‘डब्ल्यूसी पॉलिसी’. कामगार नुकसानभरपाईच्या विम्याचं हे धंद्यातलं नाव. ती नसेल तर टेम्पो बाहेर उभा. म्हणून ठेकेदार आदल्या दिवशी एजंटाला फोन करतो, पाच माणसं सांगतो, तीन महिन्यांची मुदत सांगतो आणि संध्याकाळपर्यंत मोबाइलवर पीडीएफ येते. गेट उघडतं. पीडीएफची पुढची पानं ठेकेदार वाचत नाही, रक्षकाने वाचण्याचा प्रश्नच नाही.

तोच ठेकेदार चार दिवसांनी बाजारपेठेतल्या किराणा दुकानाचं जुनं शटर दुरुस्त करायला जातो, तेव्हा त्याला कोणी काही विचारत नाही. पॉलिसीत त्या जागेचा उल्लेखही नसतो. शिडी तीच, माणसं तीच, धोका मात्र कदाचित जास्त. कारण जुन्या शटरची स्प्रिंग कोणत्या अवस्थेत आहे हे खोलल्याशिवाय कळत नाही. शटर, ग्रील आणि मोटरवर चालणारे दरवाजे बसवणाऱ्या छोट्या ठेकेदारांचा विमा असा मागणाऱ्याच्या सोयीने घेतला जातो. अपघात कुठे होतो, कुणाला होतो आणि कधी होतो, याच्याशी त्याचा मेळ क्वचितच बसतो. या धंद्याला लागणारे सगळे विमे एकेक करून तपासले, तर हा बेमेळ जवळपास प्रत्येक ठिकाणी दिसतो.

कामाचं स्वरूप आधी पाहायला हवं, कारण विम्याचे बरेचसे वाद तिथूनच सुरू होतात. दहा बाय दहा फुटांचं लोखंडी पट्ट्यांचं शटर वजनाला शंभर किलोंच्या आसपास किंवा वर जातं. एवढा भार दुकानदाराला हाताने उचलता यावा म्हणून वरच्या पाइपातल्या स्प्रिंगांमध्ये ताण भरून ठेवलेला असतो. शटर खाली ओढलं की स्प्रिंग आवळते, वर ढकललं की तीच जोर देते. हा ताण भरताना पाना निसटला, किंवा दुरुस्तीच्या घाईत ताण न सोडताच ब्रॅकेटचे बोल्ट काढले, तर पाइप गरकन फिरतो आणि समोर मनगट असो की जबडा, त्याला तो जुमानत नाही. धातूच्या रोलिंग शटरसाठी आयएस ६२४८ हे भारतीय मानक कित्येक वर्षांपासून आहे; पण ते शटर कसं असावं हे सांगतं, ते बसवणाऱ्याने जिवंत कसं राहावं हे सांगत नाही. शिवाय शिडी आणि परांचीवरून पडणं, गार्ड काढलेल्या ग्राइंडरची चकती फुटणं, वेल्डिंगची ठिणगी शेजारच्या कापडाच्या गठ्ठ्यावर उडणं आणि मोटर जोडताना शॉक बसणं हे रोजचे धोके आहेतच. हे झालं काम चालू असतानाचं. काम संपवून, बिल घेऊन, ठेकेदार घरी गेल्यावर सहा महिन्यांनी शटर कोसळलं तर ते वेगळंच प्रकरण, आणि त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं.

कामगाराची भरपाई

या सगळ्यात कायद्याने ठेकेदाराच्या मानगुटीवर बसवलेली मुख्य जबाबदारी ही: कामावरच्या माणसाला इजा झाली तर भरपाई. ब्रिटनमध्ये १८९७ साली असा कायदा झाला, त्याच धर्तीवर आपल्याकडे १९२३ चा कायदा आला. त्याचं मुख्य तत्त्व असं, की मालकाची चूक होती की नव्हती हे कामगाराने सिद्ध करायचं नाही; कामामुळे आणि काम चालू असताना अपघात झाला, एवढं पुरतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला गेला. भरपाईची चौकट जवळपास जुनीच राहिली, आणि घरून कामावर येता-जाता झालेल्या अपघाताचा नोकरीशी संबंध दिसला तर तोही त्यात धरला गेला. पॉलिसीच्या छापील मजकुरात जुन्या कायद्याचा उल्लेख आहे की नव्या, हे यापुढच्या नूतनीकरणात पाहून घेतलेलं बरं.

भरपाईचा हिशेब साधा आहे. मृत्यू झाला तर मासिक वेतनाच्या ५० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला गुणांक. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५० च्या जागी ६० टक्के. वेतन कितीही असलं तरी हिशेबात महिना १५,००० रुपयांपर्यंतच धरायचं, अशी मर्यादा ३ जानेवारी २०२० पासून आहे. पंचवीस वर्षांच्या हेल्परचा गुणांक २१६.९१. म्हणजे त्याच्या मृत्यूची भरपाई १६,२६,८२५ रुपये, आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वाची १९,५२,१९०. चाळीस वर्षांच्या वेल्डरचा गुणांक १८४.१७, तेव्हा त्याच्या वारसांना १३,८१,२७५. चार-पाच माणसांवर चालणाऱ्या फॅब्रिकेशनच्या शेडला हे आकडे झेपणारे नाहीत.

आता पॉलिसीत काय लिहिलेलं असतं ते पाहू. हप्ता वर्षाच्या एकूण मजुरीवर ठरतो, म्हणून मजुरी कमी सांगण्याचा मोह. आठशे रुपये रोजाने राबणारा माणूस प्रस्तावात महिना ९,००० रुपयांचा होतो. याच पंचवीस वर्षांच्या हेल्परचा हिशेब ९,००० रुपयांवर केला तर ९,७६,०९५ रुपये येतात. भरपाई ठरवणारा अधिकारी खरी मजुरी बघून १६,२६,८२५ चा आदेश काढेल, विमा कंपनी आपण ज्या वेतनावर हप्ता घेतला तिथे बोट ठेवील, आणि मधले ६,५०,७३० रुपये ठेकेदाराला घर किंवा मशीन विकून भरावे लागतील. हप्त्यात वाचलेली रक्कम या फरकापुढे हास्यास्पद ठरते. एजंट हे सांगत नाहीत असं नाही. पण स्वस्त पॉलिसी विकणं त्यांनाही सोपं जातं.

माणसांची संख्या हा दुसरा घोळ. पॉलिसीत पाच, साइटवर आठ. कोणाचा अपघात झाला तो पाचांतला होता की आठांतला, हे ठरवण्यासाठी मग हजेरीपट धुंडाळले जातात, आणि हजेरीपट नसतोच. नाक्यावरून सकाळी उचललेला मजूर आपला कामगारच नव्हे, अशी ठेकेदाराची समजूत असते. एके काळी कायद्यात तिला थोडी जागा होती. २००० सालच्या दुरुस्तीने ती बंद झाली. एका दिवसासाठी आणलेल्या माणसालाही भरपाईचा हक्क आहे. म्हणून नावांच्या यादीवर काढलेल्या पॉलिसीपेक्षा संख्येवर आणि मजुरीच्या रकमेवर काढलेली पॉलिसी या धंद्याला सोयीची. हेल्पर महिन्याला बदलतात, याद्या बदलत नाहीत.

‘त्याचीच चूक होती’ हा बचावही वाटतो तितका चालत नाही. दारू पिऊन होता, सांगूनही हेल्मेट घातलं नाही, ग्राइंडरचा गार्ड मुद्दाम काढला, अशी कारणं किरकोळ दुखापतीत मालकाला वाचवू शकतात. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर कायदा ती ऐकूनच घेत नाही.

अपंगत्व किती टक्के, हे माणसाचा धंदा बघून ठरतं, आणि इथे सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल हात चालवून पोट भरणाऱ्या प्रत्येक कारागिराने ऐकून ठेवावा असा आहे. ओडिशातल्या एका चित्रपटगृहात सजावटीचं काम करणारा सुतार १९६८ च्या जुलैमध्ये पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. मालकाचं म्हणणं, कायद्याच्या परिशिष्टात हाताला जेवढे टक्के दिले आहेत तेवढीच भरपाई द्यावी. न्यायालयाने प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास साबत या खटल्यात १९७५ च्या अखेरीस सांगितलं, की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली. शिवाय भरपाई देणं लागू होतं ते अपघाताच्या दिवसापासून, निकालाच्या दिवसापासून नव्हे. शटर बसवणाऱ्या फिटरला हे शब्दशः लागू पडतं. एका हाताने स्प्रिंगला ताण भरता येत नाही.

महिनाभरात भरपाई दिली नाही तर १२ टक्क्यांनी व्याज सुरू होतं आणि समाधानकारक कारण नसेल तर भरपाईच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही. दंड विमा कंपनी भरत नाही. वेदप्रकाश गर्ग खटल्यात १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मालकाच्याच माथी ठेवला. व्याजाबद्दल गोंधळ होता. २००६ मध्ये हर्षदभाई मोधिया खटल्यात ठरलं, की पॉलिसीत व्याज वगळण्याची अट घातली असेल तर कंपनीला ते द्यावं लागत नाही. सोळा लाखांवर १२ टक्के म्हणजे वर्षाला जवळपास दोन लाख, आणि अशी प्रकरणं कैक वर्षांनी निकाली निघतात. पॉलिसीतली ही एक ओळ वाचायला दोन मिनिटं पुरतात. दवाखान्याच्या खर्चाचंही तसंच: २०१० सालापासून उपचाराचा प्रत्यक्ष खर्च देणं मालकावर बंधनकारक झालं, पण साध्या पॉलिसीत तो सहसा नसतो. जादा हप्ता भरून तो जोडून घ्यावा लागतो. मृत्यूपेक्षा मोडलेले पाय आणि भाजलेले हात कितीतरी जास्त घडतात, तेव्हा रोजच्या उपयोगाचा भाग नेमका हाच.

आपसात मिटवण्याची रीत तर सर्वत्र आहे. गावी पैसे पाठवायचे, स्टॅम्पपेपरवर ‘आमची तक्रार नाही’ असं लिहून घ्यायचं. मृत्यूच्या प्रकरणात भरपाई अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. वारसाच्या हातात परस्पर दिलेले पैसे, तीन महिन्यांच्या वेतनाइतकी उचल सोडली तर, भरपाई म्हणून धरले जात नाहीत. हक्क सोडल्याचा करारही रद्दबातल. आणि दावा अपघाताच्या ठिकाणीच लावावा लागतो असं नाही, कामगार किंवा त्याचे वारस राहतात तिथेही लावता येतो. भोसरीच्या ठेकेदाराला गोरखपूरची नोटीस येते ती अशी, आणि तिथे वकील उभा करण्याचा खर्च निराळा.

बिल्डरचं काय? आपल्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेलं काम दुसऱ्याला ठेक्याने दिलं तर मूळ मालकही कामगाराला भरपाई देणं लागतो, मग ती ठेकेदाराकडून वसूल करू शकतो. संकुल बांधणारा बिल्डर या व्याख्येत सहज बसतो. आपल्या दुकानाला एक शटर बसवून घेणारा किराणा व्यापारी सहसा बसत नाही, कारण शटर बसवणं हा त्याचा धंदा नव्हे. गेटवर पॉलिसी मागण्यामागची कळकळ ती ही. ती कामगारासाठी असती तर पॉलिसीतल्या मजुरीच्या आकड्याकडे कोणीतरी पाहिलं असतं.

जे विमे पर्याय वाटतात पण नसतात

ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू असेल तर चित्र पालटतं. दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत, महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारासाठी मालक ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. उपचार, अपंगत्वाचं निवृत्तिवेतन आणि वारसांचं निवृत्तिवेतन महामंडळ देतं, आणि त्याच इजेसाठी मालकाकडे वेगळी भरपाई मागता येत नाही. माझ्या मते जिथे ईएसआय घेता येतं तिथे तेच घ्यावं, कारण त्यात दवाखाना आहे आणि एकरकमी पैशापेक्षा दरमहाचं निवृत्तिवेतन विधवेच्या हातात टिकतं. पण शटरवाल्यांची माणसं चार ते आठ. दहाचा आकडा गाठू नये म्हणून दोन नावांनी दोन शेड चालवणारेही आहेत.

इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी हा दुसरा आधार. महाराष्ट्रातल्या मंडळाच्या यादीत धातूच्या ग्रील, खिडक्या, दरवाजे बनवणं आणि बसवणं हे काम येतं, म्हणजे आपला फिटर त्यात बसतो. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो द्यायचा असतो ठेकेदाराने. कामावर मृत्यू झाल्यास वारसाला मंडळाकडून ५ लाख रुपये मिळतात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूचे २ लाख. दोन्ही जरूर घ्यावं. पण ही मदत कामगाराची आहे. तिने ठेकेदाराचं देणं कमी होत नाही. ‘सगळ्यांचा अपघात विमा काढलाय’ असं सांगणाऱ्या ठेकेदाराला हे कळत नाही की ठरावीक रकमेचा अपघात विमा आणि मालकाच्या कायदेशीर देण्याचा विमा या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आणि मालक स्वतः? छोट्या धंद्यात शिडीवर सर्वांत वर तोच असतो. त्याची डब्ल्यूसी पॉलिसी त्याला स्वतःला एक पैसा देत नाही, कारण तो कुणाचा कामगार नाही. त्याच्यासाठी वैयक्तिक अपघात विमा, आणि त्यात तात्पुरत्या अपंगत्वाचा आठवड्याचा भत्ता असलेला. पाय प्लास्टरमध्ये असताना शेडचं भाडं थांबत नाही.

तिऱ्हाइताचं नुकसान

वेल्डिंगच्या ठिणगीने दुकान जळालं, परांचीवरून पडलेला पाइप रस्त्याने जाणाऱ्याच्या डोक्यात बसला, तर भरपाई मागणारा तिऱ्हाईत असतो. त्यासाठी पब्लिक लायबिलिटी पॉलिसी. निविदांमध्ये तिचा उल्लेख करताना बरेचदा १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याचं नाव ठोकून दिलं जातं. तो कायदा भोपाळनंतर आला आणि घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे. शटरवाल्याचा त्याच्याशी संबंध नाही. ठेकेदाराला हवी असते ती निराळी, ऐच्छिक पॉलिसी. बांधकामाच्या किंवा यंत्र उभारणीच्या ‘ऑल रिस्क’ पॉलिसीतही तिऱ्हाइताच्या नुकसानीचा भाग असतो. बिल्डरने अशी पॉलिसी घेतलेली असेल तर तिच्यात उपठेकेदारांचा समावेश आहे का, हे लेखी विचारावं. नसेल, तर कंपनी आधी बिल्डरला पैसे देईल आणि मग बिल्डरच्या जागी उभी राहून शटरवाल्याकडून वसूल करायला येईल.

पब्लिक लायबिलिटी पॉलिसीत तीन खड्डे आहेत. पहिला: ज्या वस्तूवर काम चालू आहे किंवा जी ताब्यात घेतली आहे, तिचं नुकसान सहसा वगळलेलं असतं. शटर पडून बाहेरची स्कूटर चेपली तर स्कूटरचे पैसे मिळतील, शटर पुन्हा स्वतःच्या खर्चाने बसवायचं. वाईट कामाची दुरुस्ती कोणताच विमा करून देत नाही, आणि ते योग्यच आहे. दुसरा खड्डा वर्कऑर्डरमधला: ‘साइटवर कोणत्याही कारणाने कोणताही अपघात झाल्यास संपूर्ण जबाबदारी ठेकेदाराची राहील.’ कायद्याने जेवढं देणं येतं त्यापलीकडचं, करारात सही करून अंगावर घेतलेलं देणं, पॉलिसी सहसा उचलत नाही. या वाक्यातला ‘कोणत्याही’ हा शब्द खोडून ‘ठेकेदाराच्या निष्काळजीपणामुळे’ असं लिहून घेण्याची हिंमत किती जणांत असते हा प्रश्नच आहे. मागणी केली तर काही मोठ्या कंपन्या मान्य करतात, असं या क्षेत्रातले लोक सांगतात.

तिसरा खड्डा सर्वांत खोल. आपल्याकडच्या या पॉलिसी बहुतेक ‘दावा आला तेव्हा चालू’ या तत्त्वावर असतात. म्हणजे अपघात झाला तेव्हा आणि दावा आला तेव्हा, दोन्ही वेळी विम्याची साखळी अखंड असली पाहिजे. तीन महिन्यांच्या कामापुरती पॉलिसी घेतली, काम संपलं, विमा संपला, आणि वर्षभराने शटर कोसळून माणूस जखमी झाला, तर हाती काहीच नाही. काम सोपवून झाल्यानंतरचा धोका हाच या धंद्यातला खरा लांब शेपटीचा धोका, आणि गेटपुरता विमा त्याच्या आधीच संपलेला असतो.

अमेरिकेत घरोघरी गॅरेज असल्याने गॅरेजचे दरवाजे बसवणाऱ्यांचा हाच धंदा फार मोठा झाला, आणि तिथली विम्याची रीत इथे ताडून पाहण्यासारखी आहे. ठेकेदाराच्या सर्वसाधारण दायित्वाच्या पॉलिसीत ‘पूर्ण झालेलं काम’ हा स्वतंत्र भाग असतो आणि ती बहुतेकदा घटना केव्हा घडली ते पाहते, दावा केव्हा आला ते नाही. हा भाग तिथे शोभेचा नाही. १९९२ च्या अँड्र्यू वादळात फ्लोरिडात वाऱ्याने गॅरेजचे दरवाजे आत ढकलले गेले आणि आत शिरलेल्या वाऱ्याने छपरं उचलली. त्यानंतर दरवाज्यांच्या वाऱ्याला टिकण्याच्या अटी कडक झाल्या. १ जानेवारी १९९३ पासून घरगुती दरवाजे उघडणाऱ्या यंत्रांना, खाली कुणी सापडू नये म्हणून, जादा सुरक्षा सक्तीची झाली. २०१७ च्या वणव्यात वीज गेल्याने कॅलिफोर्नियात लोकांना गॅरेजमधून गाड्या काढता येईनात, म्हणून १ जुलै २०१९ पासून तिथे या यंत्राला बॅटरी हवीच असा नियम आला. नियम वाढले तशी बसवणाऱ्याची जबाबदारी वाढली. कॅलिफोर्नियात त्याला दारं-फाटकांचा खास परवाना लागतो आणि २५,००० डॉलरचा जामीन-बंध द्यावा लागतो. सगळं तिथे आदर्श आहे असं मात्र नाही: टेक्सासमध्ये खासगी मालकावर कामगार भरपाईचा विमा घेण्याची सक्ती नाही, आणि माणसांना कामगारांऐवजी स्वतंत्र ठेकेदार दाखवण्याची चलाखी तिथेही जोरात आहे.

आपल्याकडे सोपवलेल्या कामाची जबाबदारी कायद्यात स्पष्टपणे आली ती २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने. इतरांनी बनवलेले भाग जोडून वस्तू तयार करणाराही या कायद्यात उत्पादक ठरतो, आणि वस्तू बसवणारा, दुरुस्त करणारा, तिची देखभाल करणारा विक्रेत्याच्या व्याख्येत येतो. पट्ट्या एका कारखान्यातून, स्प्रिंग दुसरीकडून, मोटर मुंबईच्या घाऊक बाजारातून आणून शेडमध्ये शटर जुळवणारा माणूस स्वतःला मजुरीवाला समजतो. कायदा त्याला उत्पादक समजू शकतो. मोटरवरच्या शटरने मूल चेपलं तर मोटर बनवणाऱ्याकडे बोट दाखवून सुटका होईलच असं नाही. मोटरच्या कामांचं प्रमाण वाढतंय, तेव्हा उत्पादन दायित्वाचा विमा आता या छोट्या शेडच्या दारात आला आहे. वार्षिक देखभालीचा करार घेणाऱ्याने तर प्रत्येक भेटीची नोंद, ग्राहकाच्या सहीसह, ठेवावीच.

शेड, हत्यारं, टेम्पो

मालमत्तेच्या विम्याबद्दल थोडक्यात. एका ठिकाणची एकूण मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी मिळते. आग, वादळ, पूर, भूकंप त्यात येतात. साधी घरफोडी येत नाही. चोरी धरली जाते ती आग-पुरासारख्या घटनेनंतर सात दिवसांत झालेली. घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा. आणि ही पॉलिसी शेडच्या पत्त्याची असते. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, ड्रिल दिवसभर साइटवर असतात आणि चोरीलाही तिथूनच जातात. त्यांच्यासाठी जागेला न बांधलेला विमा निराळा मागावा लागतो.

टेम्पोच्या हौद्यात मालावर बसून जाणारे हेल्पर हे नेहमीचं दृश्य. मालवाहू गाडीत मालासोबत मालकाचा प्रतिनिधी गेला तर १९९४ च्या दुरुस्तीपासून तो वाहन विम्यात येतो. फुकट प्रवासी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आशा राणी खटल्यात पक्कं केलं. पट्ट्यांच्या ढिगावर बसलेले चौघे यांतले नेमके कोण, यावर वर्षानुवर्षं वाद चालतो. त्यांना बसने पाठवणं स्वस्त पडतं.

हप्त्याबाबत एकच गोष्ट. विमा कायद्याच्या ६४ व्हीबी कलमाप्रमाणे हप्ता कंपनीच्या हाती पडल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. ‘पॉलिसी झालीच समजा, पैसे सोमवारी द्या’ असं म्हणणाऱ्या एजंटाच्या भरवशावर शनिवारी माणूस शिडीवर चढवू नये. दावा नाकारला गेला तर विमा लोकपालाकडे एक वर्षाच्या आत, विनाशुल्क तक्रार करता येते. एकल मालकी आणि सूक्ष्म उद्योगांच्या पॉलिसींनाही हे दार खुलं आहे, ५० लाखांपर्यंत, आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. मुंबई आणि पुण्यात लोकपालाची कार्यालयं आहेत. उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र तिथे कामी येतं.

एक प्रश्न मात्र कोणत्याही पॉलिसीत नीट बसलेला नाही. अलीकडे बरेच ठेकेदार पगारी माणसं ठेवतच नाहीत. शटर शेडमध्ये तयार करायचं आणि बसवायचं काम फिटर-हेल्परच्या जोडीला चौरस फुटाच्या दराने द्यायचं. जोडीची हत्यारं स्वतःची, मोटारसायकल स्वतःची, एका आठवड्यात तीन ठेकेदारांची कामं. ती कामगार की ठेकेदार? काम कधी, कसं करायचं यावर कुणाचा ताबा होता हे पाहून अधिकारी ठरवतो, आणि ते ठरतं अपघातानंतर. पॉलिसीत ‘उपठेकेदाराचे कामगार’ असा शेरा जादा हप्ता भरून घालून घेता येतो, तोही फिटरच्या हेल्परला उपयोगी पडेल. फिटरला स्वतःला पडेलच असं नाही. आज साइटवर विचारलं तर शेडवाला या जोडीला ठेकेदार म्हणतो, जोडी शेडवाल्याला ठेकेदार म्हणते, आणि पॉलिसी दोघांपैकी कुणाकडेच नसते.